तारीख सांगा, मग डोंगर सांगते

या महिन्यात युरोपातल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या ट्रेकबद्दल इतके प्रश्न आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकात घेते. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे दिवाळी बरीच उशिरा, त्यामुळे कुणी दिवाळीच्या आधी जायचं म्हणतंय कुणी दिवाळीला जोडून. या दोन गटांना मी एकच जागा सांगूच शकत नाही, का ते पहिल्याच उत्तरात येईल.

प्रश्न : ताई, आम्ही नवरा-बायको, वय ५३ आणि ४९. वीस वर्षं सह्याद्रीत फिरतोय, राजगड-तोरणा कितीदा तरी, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेनेही झालाय. मुलगी कॉलेजसाठी बाहेरगावी गेली म्हणून पहिल्यांदाच दोघंच युरोपला जायचं ठरवतोय, दहा-अकरा दिवस, फक्त चालायला, शहरं नकोत. इटलीतले डोलोमाइट्स डोंगर, स्वित्झर्लंड की पोर्तुगालचं मदैरा बेट यात अडकलोय. रोज रात्री व्हिडिओ बघतो आणि रोज निर्णय बदलतो. सुट्टी ऑक्टोबर मध्यापासून पुढे कधीही मिळेल. — सिंहगड रोड, पुणे

उत्तर : तुमच्या पत्रात सगळं पक्कं आहे, फक्त "मध्यापासून पुढे कधीही" एवढं पक्कं करा, जागा आपोआप ठरेल. आपण सगळेच आधी फोटो बघून जागा ठरवतो आणि मग सुट्टी त्यात बसवतो, जुलै-ऑगस्टमध्ये ते खपून जातं, ऑक्टोबरमध्ये नाही. आल्प्समधला शरद वरून खाली उतरत येतो, म्हणजे सप्टेंबर अखेरीला तो वरच्या कुरणांवर असतो, ऑक्टोबरच्या मध्याला दोन हजार मीटरच्या आसपासच्या जंगलात, आणि नोव्हेंबर उजाडेपर्यंत पार खाली द्राक्षांच्या मळ्यात, तोवर वर बर्फ पडायला लागलेला असतो. आणि त्याच्याबरोबर माणसंही खाली उतरतात, गाईगुरं सप्टेंबरमध्येच खाली आणतात, उंचावरच्या मुक्कामाच्या झोपड्या, इटलीत त्यांना रिफुजिओ म्हणतात, त्यातल्या बऱ्याच सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत एकेक करून बंद होतात, मग सीझनच्या बस बंद होतात, मग रोपवे.

हे मी स्वतः भोगलंय म्हणून इतकं लावून धरतेय. एका वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात डोलोमाइट्समध्ये पोचले, ज्या रोपवेवर सगळा प्लॅन उभा होता तो दोन दिवसांपूर्वी बंद झालेला, त्याच रात्री वर बर्फ पडला आणि पुढचे तीन दिवस मी खालच्या गावात रस्त्याकडेच्या वाटेवर चालत वर बघत बसले. तारीख तपासली नव्हती, बाकी कुणाची काही चूक नव्हती.

तर तुम्हाला सुट्टी कधीही मिळतेय ना, मग साधारण १५ ते २५ ऑक्टोबर घ्या आणि डोलोमाइट्सला जा. का ते सांगते. आपण शाळेत शिकलो की सूचीपर्णी झाडं बारा महिने हिरवी. लार्च हे त्यातलं वेगळं झाड, ते ऑक्टोबरमध्ये आधी पिवळं आणि मग जवळजवळ तांबूस सोनेरी होतं आणि सगळ्या सुया गाळून टाकतं. भाद्रपदात सोनकीने सडा पिवळा होतो ना, तसा अख्खा डोंगरउतार, फक्त झाडांचा, आणि त्याच्या मागे फिकट राखाडी सुळके. हे सुळके म्हणजे पंचवीस कोटी वर्षांच्या आसपासच्या उथळ समुद्रातले प्रवाळ आणि चुनखडीचे थर, संध्याकाळी ते गुलाबी होतात, तिथल्या लादिन भाषेत त्या रंगाला एनरोसादिरा असा स्वतंत्र शब्द आहे. २००९ मध्ये हा भाग जागतिक वारसा यादीत आला. लार्चचा रंग दरवर्षी थोडा मागेपुढे होतो, पण ऑक्टोबरचा मधला पंधरवडा बहुतेक साधतो.

झोपडी ते झोपडी असा लांब ट्रेक, आल्ता व्हिया १ वगैरे, या तारखांना डोक्यातून काढून टाका. एखाद्या खोऱ्यातल्या गावात चार-पाच रात्री राहा आणि तिथून रोज एक वाट करा, मग दुसऱ्या खोऱ्यात. मी आधी वाल दि फुनेस हे खोरं घेईन. तिथली आदोल्फ मुंकेल वाट ओडले सुळक्यांच्या अगदी पायथ्याशी, लार्चच्या जंगलातून जाते, साधारण नऊ-दहा किलोमीटरचा फेरा, तुमच्या पायांना काहीच नाही. जिथून चालायला सुरुवात करता ती जागाच १६८० मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या टोकापेक्षा वर! वाटेत कुरणातली खानावळी असलेली घरं लागतात, त्यांना आल्म म्हणतात, त्यातली काही ऑक्टोबर अखेरपर्यंत चालू असतात. मग आल्पे दि सिऊसीचं पठार, युरोपातलं सगळ्यात मोठं उंचावरचं कुरण, तिथे सकाळी नऊ ते पाच बाहेरच्यांच्या गाड्यांना बंदी असते म्हणून रोपवेने किंवा बसनेच वर जा. त्रे चिमेचा फेरा करायचा असेल तर तो शेवटी ठेवा आणि हवामान बघूनच जा, वर २३२० मीटरपर्यंत जाणारा टोलचा रस्ता बर्फ पडला की बंद होतो.

एक गोष्ट आधीच माहीत असू दे, तिथे प्रत्येक गावाला दोन नावं असतात, एक इटालियन एक जर्मन, आणि काही खोऱ्यांत तिसरं लादिनही. ओर्तिसेई आणि सांक्त उलरिश हे एकच गाव आहे. बसच्या पाटीवर दुसरं नाव बघून माणूस बस सोडून देतो.

आता सह्याद्रीचा अनुभव. तो उपयोगी पडेल, निसरडी वाट, घसारा, दृष्टिभय, हे सगळं तुमचं झालेलं आहे. पण दोन गोष्टी सह्याद्री शिकवत नाही. एक म्हणजे सावलीतला बर्फ, उत्तरेकडच्या उतारावर रात्री ओली झालेली वाट सकाळी काचेसारखी होते आणि दहा-अकरापर्यंत तशीच राहते, म्हणून पहाटे निघायची आपली सवय तिथे मोडा, उन्हाचा उतार आधी करा. दुसरं म्हणजे अंधार. ऑक्टोबरच्या मध्याला तिथे साडेसहाच्या आसपास सूर्य मावळतो, ठीक आहे, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे यंदा २५ तारखेला, जवळजवळ अख्ख्या युरोपात घड्याळं एक तास मागे होतात आणि पाचलाच दिवेलागण होते. वाटेवरच्या पाट्यांवर किंवा नकाशात चालायचा वेळ दिलेला असतो तो न थांबता चालण्याचा असतो, फोटो आणि चहा त्यात धरलेला नसतो. हेडलॅम्प दोघांकडे दोन हवेत.

स्वित्झर्लंडबद्दल थोडक्यात. लार्चसाठी तिथे एंगाडीन खोरं आहे, पोंत्रेसीनाहून वाल रोझेगमध्ये जाणारी वाट सोपी आणि फार सुंदर, आणि मोर्तेरात्श हिमनदीकडे जाताना हिमनदी कुठल्या वर्षी कुठपर्यंत होती त्याच्या पाट्या लावल्यात, ती कितीतरी मागे गेलीय हे पावलं टाकत बघताना माझ्या पोटात खड्डा पडला होता. तारखा डोलोमाइट्सच्याच आणि खर्च खूप जास्त. ट्रेनचं वेड असेल तर जा, नाहीतर तुमच्या दोघांसाठी मला कारण दिसत नाही.

आणि समजा ऑफिसने ऐनवेळी सुट्टी नोव्हेंबरात ढकलली, तर मागेपुढे न बघता मदैरा. हे पोर्तुगालचं बेट अटलांटिकमध्ये आहे, जम्मूच्या अक्षांशावर, पण चहूबाजूंनी समुद्र म्हणून किनाऱ्यावर ना कडाक्याची थंडी ना उकाडा. दगड आपलाच, काळा बेसॉल्ट, कडेही आपल्यासारखे. तिथल्या वाटा म्हणजे लेवाडा, सोप्या मराठीत पाट. बेटाच्या उत्तरेला धो धो पाऊस आणि दक्षिणेला शेती, म्हणून लोकांनी शेकडो वर्षं कडे कोरून पाणी इकडून तिकडे नेलं, असे दोन हजार किलोमीटरहून जास्त पाट आहेत, आणि पाटाची देखभाल करायला काठाने जी पायवाट ठेवली तीच आज आपण चालतो. पाणी हळूहळू उतरत जातं म्हणून वाटही जवळजवळ सपाट, एका बाजूला कपार, दुसऱ्या बाजूला कधी कधी सरळ दरी. केमादासहून काल्देइराँव वेर्दे धबधब्यापर्यंतचा पाट करा, जाऊन-येऊन तेरा किलोमीटर, मध्ये बोगदे आहेत, उंची कमी असल्याने वाकून जावं लागतं. ज्या जंगलातून ही वाट जाते ते लॉरेल वृक्षांचं जंगल एकेकाळी दक्षिण युरोपभर होतं, आता उरलेलं सगळ्यात मोठं तिथेच आहे.

मदैराला दोन सावधगिऱ्या. फुंशालच्या विमानतळावर वाऱ्यामुळे विमानं दुसरीकडे वळवली जातात, त्यामुळे परतीच्या मोठ्या विमानाआधी लिस्बनमध्ये एक दिवस मोकळा ठेवा. आणि वाटा पावसाने, दरडीने बंद होतात, पिको दो आरिएरो ते पिको रुइवो ही सगळ्यांच्या व्हिडिओतली शिखरवाट ऑगस्ट २०२४ च्या वणव्यानंतर बराच काळ बंद होती. आदल्या रात्री सरकारी साइटवर वाट उघडी आहे का ते बघूनच निघा.

प्रश्न : ताई, मी म्युनिकला नोकरी करते. आईबाबा ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात येतायत, आई ६५, बाबा ७०, बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय पण सपाटीला तासदोन तास आरामात चालतात. आईचं लहानपण सातारकडच्या गावात गेलंय, तिला डोंगर दिसले की बास. सगळे म्हणतात रोपवेने उंच घेऊन जा, बर्फ दाखव. मला त्यांना चालवायचंय. — म्युनिक

उत्तर : तुझं बरोबर आहे, चालवच त्यांना. रोपवेने वर जाऊन थंडीत अर्धा तास उभं राहायचं आणि खाली यायचं, त्यात आईला डोंगर भेटत नाही गं, दिसतो फक्त.

उत्तर इटलीतल्या मेरानोला जा. म्युनिकहून बोलझानोला थेट ट्रेन आहे, चार तासांच्या आसपास, तिथून लोकल ट्रेनने पाऊण तास. वर मदैराच्या पाटांबद्दल लिहिलंय ना, तसेच पाट इथेही आहेत, जर्मनमध्ये वाल म्हणतात, आणि त्यांच्या काठच्या वाटा म्हणजे वालवेग. मेरानोच्या भोवती आणि पश्चिमेच्या व्हिन्शगाऊ खोऱ्यात पाऊस कमी पडतो म्हणून शेतकऱ्यांनी मध्ययुगापासून डोंगरातल्या ओढ्यांचं पाणी असं वळवून आणलं. वाटा अगदी मंद उताराच्या, समुद्रसपाटीपासून चारपाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे ऑक्टोबर अखेरीला इथे अजून शरद चालू असतो, बर्फ लांब समोरच्या शिखरांवर, आणि तुम्ही सफरचंदाच्या बागा, द्राक्षांचे पिवळे मळे आणि चेस्टनटच्या झाडांखालून जाताय. मार्लिंगचा वालवेग बारा किलोमीटरचा आहे पण पूर्ण करायची काही गरज नाही, मध्ये मध्ये खाली गावात उतरायला फाटे आहेत. आल्गुंडचा त्याहून लहान आहे.

आईला एक गोष्ट नक्की सांग, ती खूश होईल. या पाटांवर लक्ष ठेवायला वालर नावाचा माणूस असायचा, अगदी आपला पाटकरी! पाण्याच्या धारेवर एक छोटं लाकडी चाक फिरायचं आणि त्याला जोडलेली हातोडी घंटेवर पडत राहायची. घंटा वाजतेय म्हणजे पाणी येतंय, घंटा थांबली की वालरला कळायचं की वर कुठेतरी पाट फुटला किंवा पाला अडकला, की तो कुदळ घेऊन निघायचा. काही पाटांवर अशी घंटा अजून ऐकायला मिळते.

याच दिवसांत तिथे टोर्गेलेन असतं, नव्या वाइनचा आणि भाजलेल्या चेस्टनटचा सीझन, शेतकऱ्यांच्या घरी जेवायला बसायचं. आईबाबा वाइन घेत नसतील तरी द्राक्षाचा ताजा रस मिळतो. राहायचं ठिकाण निवडताना पाहुण्यांना फुकट बस-ट्रेनचा पास देणारं बघ, तिथली बरीच हॉटेलं देतात, त्यामुळे बाबांचा गुडघा कुरकुरला तर जवळच्या गावातून बस पकडून परत यायला पैशांचा विचार करावा लागणार नाही. आणि काठ्या दोन घे, एक नको. गुडघ्याला त्रास चढताना कमी, उतरताना जास्त होतो, म्हणून वाटेची सुरुवात खालच्या बाजूने कर आणि जिथे तीव्र उतार आहे तिथे सरळ बसने खाली ये.

प्रश्न : मी २७ वर्षांची मुलगी, एकटी जाणार आहे. टूर दु मोंब्लां, म्हणजे मोंब्लां पर्वताभोवतीचा लांब फेरा, करायचं स्वप्न आहे, पण प्रोजेक्टमुळे सुट्टी २० ऑक्टोबरनंतरच मिळतेय. तंबू घेऊन जाऊ का? आई हो म्हणत नाहीये. — वाकड

उत्तर : या वेळी मी आईच्या बाजूने. १७० किलोमीटर, एकूण चढाई दहा हजार मीटरच्या घरात, खिंडी अडीच हजार मीटरवर, झोपड्या सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात बंद होत गेलेल्या, दिवस लहान आणि खिंडीत कधीही ताजा बर्फ. एकटीने, पहिल्यांदा, तंबूत, नको. मोंब्लां पुढच्या वर्षीच्या जून अखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीसाठी ठेव, तो कुठे जात नाही.

यंदा पोर्तुगालच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर रोता व्हिसेंतीनाची कोळ्यांची वाट कर. कोळी ज्या पायवाटांनी कड्यावरून गळ टाकायला जायचे त्याच या वाटा, डाव्या हाताला जमीन उजव्या हाताला अटलांटिक, आणि तिथला चालायचा सीझन सप्टेंबर ते जून म्हणजे तू ऐन वेळेत जातेयस. पोर्तो कोव्होहून मिलफोन्तिस २० किलोमीटर, तिथून आल्मोग्राव्ह १५, पुढे झाम्बुझैरा २२ आणि मग ओदसैश १८, रोज रात्री गावात, सामान एका मुक्कामाहून दुसऱ्याला पोचवणारी सेवा मिळते. आकडे बघून सोपं वाटेल पण पहिल्या दिवशी बराच भाग मऊ वाळूतून आहे, पोटऱ्या बोलतात, तो दिवस लवकर निघ. कड्याच्या टोकाजवळ जाऊ नकोस, खालून लाटांनी पोखरलेलं असतं. रोज संध्याकाळी पोचल्यावर आईला फोन, एवढं कबूल करून टाक, हो म्हणेल.

प्रश्न : आम्ही पाच मैत्रिणी, दिवाळीनंतर लगेच, म्हणजे १४ नोव्हेंबरच्या सुमारास इटलीच्या किनाऱ्यावरच्या चिंक्वे तेर्रेला जायचं म्हणतोय, गर्दीही नसेल ना? — डोंबिवली

उत्तर : गर्दी नसेल, पण पाऊस असेल, आणि त्या भागातला शरदातला पाऊस साधा नसतो. उन्हाळाभर तापलेला समुद्र ऑक्टोबर-नोव्हेंबरातही कोमट असतो, त्यावरचा दमट वारा सरळ किनाऱ्यालगतच्या डोंगराला येऊन धडकतो आणि वर चढतो, कोकणातून ढग घाटावर चढतात अगदी तसंच. २५ ऑक्टोबर २०११ ला असाच काही तासांत पाऊस कोसळला आणि व्हेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो ही दोन गावं चिखल-दरडीत सापडली, माणसं गेली. दरवर्षी तसं होतं असं नाही, पण हवामानाचा इशारा आला की वाटा बंद करतात आणि मग पाच जणींनी खोलीत बसून राहायचं. हे ठिकाण सप्टेंबर अखेरीचं. १४ नोव्हेंबर पक्कं असेल तर मदैरा किंवा वरची पोर्तुगालची किनारवाट, पाऊस तिथेही येतो पण दिवस पूर्ण वाया जायची शक्यता कमी. आणि तुम्हाला दिवाळीआधी जमत असतं, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, तर मी सगळ्यांना ग्रीसच्या क्रीट बेटावर पाठवलं असतं, समारिया घळ १६ किलोमीटर, १२३० मीटरवरून सुरू होऊन थेट लिबियन समुद्राच्या काठावर संपते, शेवटी पाण्यात पाय सोडून बसायचं आणि बोटीने परत. ती ऑक्टोबर अखेरीला बंद होते, त्यामुळे तुमच्या तारखांना नाहीच.

प्रश्न : व्हिसाचं कधी बघायचं? आणि इन्शुरन्स कुठलाही चालतो का? — नाशिक

उत्तर : शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण त्या १५ दिवसांवर अजिबात विसंबू नका, अपॉइंटमेंटच मिळत नाही. ऑक्टोबरला जायचं तर जूनमध्येच कामाला लागा. ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री आहेत त्या देशाकडे अर्ज. मोठ्यांची फी ९० युरो. इन्शुरन्स किमान ३० हजार युरोचा लागतो, पण तेवढा घेतला म्हणजे काम झालं असं समजू नका, पॉलिसीत ट्रेकिंग धरलंय का, किती उंचीपर्यंत, आणि डोंगरातून हेलिकॉप्टरने उचलून आणायचा खर्च आहे का हे तीन मुद्दे शोधा, नसतील तर फोन करून लेखी विचारून घ्या. फोनमध्ये तातडीच्या मदतीचा ११२ हा नंबर सेव्ह करा. रेंज नसेल तर मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा टॉर्च, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा वेळा, आल्प्समध्ये याचा अर्थ मदत हवी असा होतो, मिनिटाला तीनदा उत्तर आलं की समजायचं कुणीतरी बघितलंय.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. डोंगरात खायचं काय? — सांगली

उत्तर : डोलोमाइट्सकडे पोलेंता असतो, मक्याच्या जाडसर पिठाचा घट्ट शिजवलेला, त्यावर मशरूम किंवा चीज. पालकाचे आणि चीजचे क्नोडल, म्हणजे पावाचे उकडलेले गोळे, दिसायला शाकाहारी पण त्यात बहुतेक अंडं असतंच, आणि साधे म्हणून मिळतात त्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, त्याला श्पेक म्हणतात. त्यामुळे "ओने श्पेक, ओने आय" हे चार जर्मन शब्द पाठ करा, श्पेक नको अंडं नको. सूपचं पाणी मांसाचं आहे का तेही विचारा. मदैराला बोलो दो काको नावाचा रताळं घातलेला पाव लसूण-लोणी लावून गरम मिळतो, त्यावर पोट भरतं, टोमॅटो-कांद्याच्या सुपात मात्र वरून अंडं फोडतात, आधीच सांगा. क्रीट तुमच्यासाठी सगळ्यात सोपं, ग्रीक लोकांचे उपासाचे दिवस खूप, त्यामुळे डाळी, मोठ्या घेवड्याची भाजी, उकडलेला रानपाला ऑलिव्हच्या तेलात, हे साध्या खानावळीतही असतं.

सोबत दशम्या, चटणी, मेतकूट न्याच, वाटेवर दुपारी खायला त्याच्यासारखं काही नाही. आणि खोलीत किटली असेलच असं धरू नका, इटलीत बऱ्याच ठिकाणी नसते, छोटी प्रवासी किटली आणि तिकडच्या सॉकेटला चालणारी पिन घरूनच घेऊन जा.